अभ्यासक्रम समितीत पहिल्यांदाच नाव आलंय? नागपूरच्या नव्या वैद्यकीय शिक्षकांसाठी

सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाल्यावर काही महिन्यांतच एक पत्र टेबलावर येतं. तुमचं नाव अभ्यासक्रम समितीत किंवा मेडिकल एज्युकेशन युनिटमध्ये घातलेलं असतं, आणि पुढच्या बॅचचं नियोजन व संस्थेची पाच वर्षांची उद्दिष्टं यांचा मसुदा तुमच्याकडून मागितलेला असतो. एमडी किंवा एमएस करताना हे काम कुणी शिकवत नाही. त्यामुळे बहुतेक जण मागच्या वर्षीची एक्सेल शीट उघडतात, तारखा बदलतात आणि फाइल पुढे सरकवतात. तसं केलं की काम संपतं, पण पुढच्या दीडदोनशे मुलांचं साडेचार वर्षांचं शिकणं त्या जुन्या शीटला बांधलं जातं. ते होऊ नये म्हणून हा लेख.

कॉलेज मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) असो, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) असो, हिंगण्याकडचं लता मंगेशकर असो की मिहानमधलं एम्स, ओपीडीची रांग जवळपास तीच असते. नागपूर शहरातली माणसं, भंडारा-गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूरहून रात्रीची गाडी पकडून आलेली माणसं, आणि सीमेपलीकडच्या बालाघाट-शिवनी-छिंदवाड्याची माणसं. अभ्यासक्रम या रांगेपासून आखायला घ्यायचा आणि वेळापत्रक सर्वांत शेवटी करायचं, एवढं एक धोरण मनाशी ठरवलं की पुढचं काम मार्गी लागतं.

पहिलं काम: कागद गोळा करणं

सुरुवात कंटाळवाणी आहे, पण ती टाळू नका. भारतात एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे यावर आखलेला, २०१९ च्या बॅचपासून लागू झाला. तेव्हा मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया होती, आणि २५ सप्टेंबर २०२० पासून तिची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने घेतली. त्यानंतर २०२३ मध्ये नवे नियम आले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस सुधारित मार्गदर्शक सूचना निघाल्या, काही दिवसांतच त्या मागे घेतल्या गेल्या आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा नव्याने आल्या. म्हणून व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरणारी पीडीएफ वापरू नका. आयोगाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्या आणि पहिल्या पानावरची तारीख तपासा. कोणत्या बॅचला कोणते नियम लागू आहेत, याचा एक छोटा तक्ता करून विभागाच्या भिंतीवर लावा. एकाच वेळी कॉलेजात चार-पाच बॅचेस असतात आणि त्या सगळ्या एकाच नियमाखाली नसतात.

दुसरा कागद विद्यापीठाचा. राज्यातली सरकारी आणि बहुतेक खासगी वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहेत. प्रश्नपत्रिकेचा आराखडा, प्रात्यक्षिकाचे गुण, अंतर्गत गुण पाठवण्याच्या तारखा हे सगळं तिथून ठरतं. एम्सची व्यवस्था स्वतंत्र आहे, ते स्वतःच्या परीक्षा स्वतः घेतात. अभिमत विद्यापीठात असाल तर तुमच्या विद्यापीठाचे नियम पाहा.

तिसरा कागद तुमच्याच कॉलेजचा: मागच्या दोन-तीन वर्षांची समितीची इतिवृत्तं. ती वाचली की कोणता प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी 'पुढील बैठकीत चर्चा' असं लिहून राहून जातो, ते दिसतं. तुमचं खरं काम बहुधा तिथेच असतं.

वर्षांची मांडणी पाठ असू द्या: पहिला टप्पा १२ महिने, दुसरा १२, तिसऱ्याचा पहिला भाग १२, दुसरा भाग १८. एकूण ५४ महिने, आणि त्यापुढे वर्षभराची इंटर्नशिप.

दुसरं काम: आपला डॉक्टर कुणासाठी घडतोय ते पाहणं

आयोगाने भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत: उपचार करणारा, संघाचा नेता व सदस्य, संवाद साधणारा, आयुष्यभर शिकणारा आणि व्यावसायिक नीती पाळणारा. देशभर त्या सारख्याच आहेत. त्या नागपुरात कशा दिसतात, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

त्यासाठी तीन ठिकाणी जा. पहिलं, मेडिकल रेकॉर्ड विभाग. तिथे वर्षभरातल्या भरती रुग्णांची निदानं महिन्यावार काढून घ्या. आपल्या भागाची ऋतुचक्रं त्यात स्पष्ट दिसतात. एप्रिल-मे-जूनमध्ये उष्माघात. पावसाळ्यात सर्पदंश, डेंग्यू, मलेरिया आणि स्क्रब टायफस. कपाशीवर फवारणी सुरू झाली की कीटकनाशकाची विषबाधा (२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात काय घडलं ते विदर्भातल्या प्रत्येक डॉक्टरच्या लक्षात आहे). बारा महिने गर्भवतींमधला रक्तक्षय, टीबी, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार, आणि खर्रा खाऊन तोंड उघडेनासं झालेली पंचविशीतली पोरं.

दुसरं, नुकतीच इंटर्नशिप संपवून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेले तुमचेच विद्यार्थी. त्यांना एकच प्रश्न विचारा: पहिल्या महिन्यात कोणत्या गोष्टीने घाबरवलं? उत्तरं बहुधा दुर्मिळ आजारांची नसतात. अडलेली बाळंतीण रात्री कुठे आणि कशी पाठवायची, सापाच्या विषावरचं प्रतिविष किती आणि कसं द्यायचं, मृत्यू झाल्यावर नातेवाइकांशी काय बोलायचं, अशीच असतात.

तिसरं, तुमच्या वॉर्डातल्या सिस्टर. विद्यार्थ्यांना कोणतं काम हाताने करता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि समितीवर त्यांना क्वचितच बोलावतात. त्यांना बोलवा.

या तिन्हींतून दहा-बारा गोष्टींची यादी करा. वीस नको.

तिसरं काम: उद्दिष्टं लिहिणं

इथे सर्वांत जास्त कागद वाया जातो. 'वैद्यकीय शिक्षणात उत्कृष्टतेचं केंद्र बनणं' हे संस्थेचं स्वप्न म्हणून प्रवेशद्वारावर शोभतं, पण पाच वर्षांनी ते झालं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. उद्दिष्ट असं लिहा की एखादा बाहेरचा माणूस येऊन ते तपासू शकेल. उदाहरण देतो:

'२०२९ पर्यंत, इंटर्नशिपला बसणारा आमचा प्रत्येक विद्यार्थी सिकलसेल वाहक असलेल्या जोडप्याला त्यांच्या भाषेत समजावून सांगू शकेल. हे अंतिम वर्षाच्या ओस्कीत (एकेका टेबलावर एकेक कौशल्य तपासणारी परीक्षा) एका स्टेशनवर तपासलं जाईल. जबाबदारी बालरोग आणि जनऔषध (कम्युनिटी मेडिसिन) विभागाची संयुक्त. आढावा दरवर्षी फेब्रुवारीत.'

यात कोण, काय, कधीपर्यंत, पुरावा काय, हे सगळं आलं. खर्च लागत असेल तर तोही याच ओळीखाली लिहा. कौशल्य प्रयोगशाळेत हात आणि पाठीच्या कण्याची मॉडेल घ्यायची असतील तर त्यांची किंमत आत्ताच अधिष्ठातांसमोर ठेवलेली बरी. खरेदी प्रक्रियेला लागणारा वेळही उद्दिष्टाच्या तारखेत धरा, सरकारी कॉलेजात तर विशेषच.

संस्थेची धोरणात्मक उद्दिष्टं तीन ते पाच ठेवा. माझ्या मते त्यातलं एक आपल्या भागातल्या आजाराचं, एक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं आणि एक भाषेचं असलंच पाहिजे. नॅकच्या मूल्यांकनाचे आणि एनआयआरएफच्या क्रमवारीचे निकष त्यांच्या जागी महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्या रकान्यांवरून उद्दिष्टं लिहू नका. आधी उद्दिष्ट ठरवा, मग कोणत्या रकान्यात ते बसतं ते पाहा.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ते नेहमी बाजूला पडतं. अखिल भारतीय कोट्यातून आलेली मुलं केरळ, राजस्थान, दिल्ली, बिहारची असतात. एम्समध्ये तर देशभरची. प्रवेशानंतर लगेच होणाऱ्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास आहेत, पण ते बहुधा 'तुमचं नाव काय' इथवरच पोचतात. ओपीडीत बाई सांगते, 'चार दिवसांपासून ताप येऊन राहिला, हातपाय लय दुखून राहिले, जेवण काही जात नाही', आणि मुलगा शेजारच्या मित्राकडे बघतो. गडचिरोलीकडून आलेल्या आजींची तर गोंडी असते. तेव्हा फाउंडेशन कोर्सच्या मराठीला रोगाची भाषा जोडा: दुखणं सांगायच्या पद्धती, अवयवांची बोलीतली नावं, दिवस-वेळ मोजायची पद्धत. आठ-दहा तास नीट आखले तरी पुढच्या तीन वर्षांचा क्लिनिकल इतिहास घेणं सोपं होतं.

चौथं काम: क्षमता वाचायला शिकणं आणि तोडणं

आयोगाच्या यादीत प्रत्येक क्षमतेला क्रमांक असतो: विषयाची दोन अक्षरं, मग विषयघटक, मग क्षमतेचा क्रमांक. शेजारी पातळी लिहिलेली असते: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, स्वतः करतो. ही चढण जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडवरून आली आहे. नवा शिक्षक बहुधा घटकाचं नाव वाचतो आणि पातळी सोडून देतो. पण नियोजन पातळीवरच ठरतं. 'करून दाखवतो' असं लिहिलेली गोष्ट दोनशे मुलांच्या लेक्चरमध्ये शिकवताच येत नाही. तिला छोटा गट लागतो, शिक्षक जास्त लागतात, आणि तपासायला लेखी प्रश्न चालत नाही.

मग त्या क्षमतेची शिकण्याची उद्दिष्टं लिहा. समजा विषय रक्तक्षयाचा आहे. 'विद्यार्थ्याला अॅनिमियाचं ज्ञान व्हावं' असं लिहिलं तर तास कसाही घेतला तरी चालतो आणि काय तपासायचं तेही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'तासाच्या शेवटी विद्यार्थी दिलेल्या रक्ताच्या स्मियरवर (काचपट्टीवरच्या पातळ थरात) सिकल पेशी ओळखेल' आणि 'सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची तपासणी का लागते, ते दोन वाक्यांत सांगेल'. क्रियापद असं हवं की ते घडताना डोळ्यांना दिसलं पाहिजे. 'समजेल', 'जाणेल' ही क्रियापदं मसुद्यातून शोधून काढून टाका. एका तासाला तीनपेक्षा जास्त उद्दिष्टं ठेवू नका.

पाचवं काम: एक धागा पाचही वर्षांतून ओवणं

अख्खा अभ्यासक्रम एकदम एकात्मिक करायला जाऊ नका. एक धागा घ्या, नीट ओवा. विदर्भात तो धागा सिकलसेलचा घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्याचं लक्ष्य २०४७ आहे, आणि आपल्या भागातल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. आज पहिल्या वर्षाला असलेली मुलं या अभियानाचा मोठा काळ प्रत्यक्ष काम करत असतील.

पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्री हिमोग्लोबिनची रचना शिकवते: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की काय होतं. अॅनाटॉमीत आनुवंशिकी शिकवताना वंशावळ काढायला लावा, आणि दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे गणित मुलांनी स्वतः मांडावं. फिजिऑलॉजी ऑक्सिजन वहन सांगते. याच वर्षी एक तास वॉर्डात: वेदनेच्या झटक्याने भरती झालेला एखादा किशोरवयीन रुग्ण, त्याच्या आणि आईवडिलांच्या संमतीने. मुलांनी फक्त ऐकायचं. किती शाळा बुडते, पाणी किती प्यावं लागतं, थंडीत काय होतं. त्या एका तासाने बीटा साखळीचं लेक्चर वर्षभर लक्षात राहतं.

दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीत स्मियर, फार्माकॉलॉजीत हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध आणि त्यावर असताना रक्ततपासणी का करत राहायची. कुटुंब दत्तक कार्यक्रमात मुलं पहिल्या वर्षापासून गावात जातातच, तेव्हा तिथे तपासणी आणि नोंद पाहता येते. पुढे जनऔषध, बालरोग, मेडिसिन, स्त्रीरोग: तापलेलं सिकलसेलचं बाळ हे तातडीचं का, लसीकरण, गरोदरपणातली काळजी. आणि एटकॉमच्या, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवादाच्या, तासात सर्वांत अवघड भाग, वाहक असल्याचं कळल्यावर लग्नाच्या बोलणीत मुलीवर येणारं दडपण. वाहक आजारी नसतो, हे वाक्य मुलांना रुग्णाच्या भाषेत, न अडखळता म्हणता आलं पाहिजे.

हे कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात अडचण येते ती विभागप्रमुखांकडे तास मागताना. तुम्ही वयाने लहान, ते पंचवीस वर्षं शिकवत आलेले. त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. एका पानावर धाग्याचा नकाशा काढून न्या, त्यात त्यांचा विभाग कुठे येतो ते रंगवलेलं असू द्या, आणि स्पष्ट म्हणा: 'सर, तुमचा तास कमी करायचा नाहीये. तुमच्या हिमोग्लोबिनच्या तासातली शेवटची पंधरा मिनिटं या रुग्णाच्या गोष्टीला द्याल का?' बहुतेक जण 'हो' म्हणतात. तास काढून घेतला जाईल ही त्यांची मुख्य भीती असते.

सहावं काम: परीक्षेचा आराखडा आधी

मुलं परीक्षा येते तसा अभ्यास करतात, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून शिकवण्याआधी तपासणी ठरवा. आराखड्याची एक सोपी रीत: प्रत्येक घटकाला परिणामासाठी १ ते ३ आणि वारंवारतेसाठी १ ते ३ गुण द्या आणि त्यांचा गुणाकार करा. समजा रक्तरोगांवर १८ गुणांची अंतर्गत परीक्षा आहे. सिकलसेलला परिणाम ३, आपल्या भागात वारंवारता ३, म्हणजे ९. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयाला २ आणि ३, म्हणजे ६. एखाद्या विरळ ल्युकेमियाला ३ आणि १, म्हणजे ३. बेरीज १८, म्हणजे गुणही ९, ६, ३ असेच वाटले जातात. हे आकडे विभागातल्या तीन-चार जणांनी वेगवेगळे द्यावेत आणि मग एकत्र बसून जुळवावेत. त्या चर्चेत विषयाला आपण काय महत्त्व देतो, ते सगळ्यांनाच कळतं. विद्यापीठाच्या परीक्षेचा आराखडा विद्यापीठाचा, त्यात तुम्हाला हात घालता येत नाही, पण अंतर्गत परीक्षा तुमच्या हातात आहे.

मुलांनी केलेल्या कामांची नोंद असलेल्या लॉगबुकबद्दल एकच सांगतो. महिन्याअखेरीला चाळीस सह्या एकदम करू नका. सही करताना मुलाला त्या नोंदीवर एक प्रश्न विचारा, लॉगबुक आपोआप खरं होतं.

सातवं काम: आता वेळापत्रक

आता कॅलेंडर उघडा आणि आधी नागपूरचे दिवस खुणा करून घ्या. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्या काळात आरोग्य शिबिरांची ड्युटी लागते, आणि आपल्या अनेक विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी तो श्रद्धेचा दिवस आहे. पोळा आणि मारबतीच्या आसपास उपस्थिती उतरते. हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरमध्ये असतं, तेव्हा सरकारी कॉलेजांतल्या डॉक्टरांच्या ड्युट्या तिकडे लागतात, म्हणून त्या आठवड्यांत छोट्या गटांचे तास ठेवले तर शिक्षक कमी पडतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे गावातल्या भेटी सकाळी ठेवा किंवा हिवाळ्यात हलवा. मात्र उष्माघाताचं क्लिनिकल शिक्षण एप्रिल-मेमध्येच ठेवा. सर्पदंश जुलै-ऑगस्टमध्ये. शिकवणं आणि वॉर्डातले रुग्ण एकाच वेळी आले तर वेगळी तयारी लागत नाही.

तास मोजताना थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के उपस्थितीची अट ध्यानात ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक अर्धा दिवस मोकळा ठेवा. बुडालेले तास भरून काढायला तो लागतोच.

आठवं काम: मंजुरी आणि दुरुस्ती

मसुदा आधी मेडिकल एज्युकेशन युनिटला दाखवा, मग विभागप्रमुखांना, मग समितीत अधिष्ठातांसमोर ठेवा. समितीत विद्यार्थी प्रतिनिधी बसत नसेल तर मसुदा निदान दोन विद्यार्थ्यांकडून वाचून घ्या. वर्कशॉपला पाठवायच्या शिक्षकांची यादीही याच बैठकीत मंजूर करून घ्या. आयोगाने ठरवलेला वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत कोर्स झालेले शिक्षक किती आणि बाकी किती, हा आकडा प्रत्येक विभागाकडून आधीच मागवा.

आढावा वर्षअखेरीला ठेवू नका. पहिल्या टप्प्याच्या मध्यावर, साधारण सहा महिन्यांनी, मुलांकडून नावाशिवाय अभिप्राय घ्या. पाचच प्रश्न विचारा, आणि त्यातला एक असा: कोणता तास नसता तरी चाललं असतं? आलेल्या उत्तरांमधून दोनच बदल निवडा, त्यापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव आणि तारीख लिहा, इतिवृत्तात घाला आणि त्याची प्रत विद्यार्थ्यांच्या सूचनाफलकावर लावा.